दरवानाचा लाल कोट

ही घटना खरी आहे. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावे. मीही एके काळी हसत असे. परंतु ती माझ्या सख्ख्या मामांच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे, आणि मामा पेशाने शिंपी आहेत. जी गोष्ट मापात बसत नाही, ती ते तोंडातून काढीत नाहीत.

भर दुपार होती. उन्हाळ्याचे दिवस. मामांच्या दुकानात माझे काका, म्हणजे मावशीचे यजमान, एक लाल लोकरी कोट घालूनच आले.

काकांना मोठ्या कचेरीत दरवानाची नोकरी लागली होती. ती कचेरी परक्या सरकारने बांधलेली. ते सरकार गेले, झेंडा बदलला, खुर्च्यांवर आपली माणसे विराजमान झाली. परंतु दरवानाचा कोट तोच राहिला. समुद्रापलीकडून आणलेल्या कोण्या धिप्पाड दरवानाच्या मापाने तो शिवलेला होता. दर नव्या दरवानाने तोच अंगावर चढवावा, असा तेथील रिवाज.

काका मुळात काडीपैलवान. कोट गुडघ्याखाली, बाह्यांत बोटे गडप.

"भावोजी, कोट दिसतोय. तुम्ही कुठे आहात?" मामा म्हणाले.

"आतच आहे रे! शोधलंस तर सापडेन." काका खो खो हसले. सदानकदा हसणे आणि शीळ घालणे हा त्यांचा स्वभावच होता. "जरा आत घे की शिंपीबुवा. हेडक्लार्क म्हणतो, कोट लहान करायचा नसतो, माणूसच हळूहळू भरतो. म्हटलं, एवढं खायला घालणार कोण?"

मामांनी खडूने खुणा केल्या. कापड न कापता बाह्या दुमडल्या, बाजू आत घेतल्या, पक्की टीप मारली. कोट पुतळ्यावर चढवून ते आतल्या खोलीत जेवायला गेले.

परत आले तेव्हा...

कोट पूर्ववत झालेला.

टीप उसवली म्हणावी, तर दोऱ्याचा तुकडाही खाली पडलेला नाही. सुईचे छिद्र नाही. खडूचा डाग नाही.

मामांनी कोटाच्या काखेत हात घातला...

अस्तर घामाने ओले होते. आणि कोमट.

पुन्हा टीप मारली. पुन्हा तेच. अखेरीस काका तसाच ढगळ कोट घालून नोकरीवर रुजू झाले.

थंडी पडू लागली, तेव्हा एके दिवशी मावशी दुकानात आली. तिच्या डोळ्यांत यत्किंचितही पाणी नव्हते.

"अरे, हे घरात बसत नाहीत."

"म्हणजे बाहेर हिंडतात?"

"बाहेर कुठले! दारात उभे असतात. कोट घालून. जेवायला हाक मारली तर माझ्याकडे असं बघतात, जणू मी अर्ज घेऊन आलेय. माझ्या माणसानं खाली बसून चार घास खावेत, एवढंच मागणं आहे माझं. तू तो कोट काढ त्यांच्या अंगावरनं."

मामा तिच्याबरोबर निघाले.

घर शांत होते. हसणे नाही. शीळ नाही...

काका दारात ताठ उभे होते. कोट त्यांना अगदी नेमका बसला होता.

खांद्यावर खांदा. मनगटावर बाही. मामांनी टेप लावून पाहिली. कोट आटला नव्हता. त्याची मापे जशीच्या तशी होती.

"भावोजी, बटणं सोडा."

"कोणी पाठवलं?"

"ताईनं. तुमच्या बायकोनं."

"थांबायला सांगा."

मावशी तिथेच, हाताच्या अंतरावर उभी होती.

मामांनी टाचणी काढून काकांच्या मनगटात टोचली. खोल. रक्ताचा थेंब आला... पापणी लवली नाही.

तदनंतर मामांनी कात्री घेतली. कोटाचा खालचा काठ अंगापासून दूर ओढला आणि कात्री चालवली. किंचितच.

"आई गं! नको... नको रे, दुखतंय..."

हा आवाज मात्र काकांचा होता. कित्येक महिन्यांनी ऐकलेला.

मामांच्या हातातून कात्री गळाली. मग मामांनी सुईत दोरा ओवला आणि कापलेली जागा ते अत्यंत बारीक टाक्यांनी सांधू लागले. प्रत्येक टाक्याला काकांचा श्वास अडकत होता.

मावशी खाली बसली. "फार दुखतंय का हो?" असे विचारत ती हात फिरवू लागली...

कोटाच्या काठावरून.

काका आजही नोकरीवर आहेत. मावशी त्यांना दारातच, उभ्या उभ्या घास भरवते. ते गिळतात. मामांना याचा उलगडा विचारला, तर ते मशीन चालू करतात.

मी अधूनमधून त्या घरी जातो. दारातून आत शिरताना माझी मान आपोआप खाली झुकते. कोणापुढे झुकते, हे मला आजतागायत सांगता आलेले नाही.