सूचीत नसलेला आवाज

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, एरवी मी हे कुणाजवळ बोलत नाही.

मी मल्लिनाथ. लातुरात घरी बसून एका विमा कंपनीच्या मेनफ्रेमचं, म्हणजे मुख्य मोठ्या संगणकाचं, काम बघतो. ग्राहकांची कागदपत्रं, त्यांच्या फोनची रेकॉर्डिंगं तिथं साठवलेली असतात. लहान फायली एका टेबलात, म्हणजे संगणकातल्या तक्त्यात, मोठ्या दुसऱ्यात, आणि कुठली कुठं आहे त्याची सूची वेगळीच. काही सापडेना झालं की आधी सूची बघायची. तिथं नसेल तर दोन्ही टेबलं थेट चाळायची. कारण कधी सूचीतली ओळ उडते अन् फाइल तशीच पडून राहते... बेवारस.

गौरम्मा शिरूर अनंतपाळच्या. त्यांचा वीरेश हैदराबादला नोकरीला होता, तिथंच अपघातात गेला. पॉलिसी घेताना तो कंपनीशी फोनवर बोलला होता. ते रेकॉर्डिंग मिळावं असा त्यांचा अर्ज माझ्याकडे आला. मी लातूरचाच हे कळल्यावर त्या थेट दारात उभ्या राहिल्या.

"लेकराचा आवाज तेवढा ऐकू द्या, साहेब. दुसरं काई नको."

मी सूची बघितली. ओळ नव्हती. टेबलं चाळायचा कंटाळा केला.

"न्हाई सापडत, मावशी."

त्या तीनदा आल्या. तिन्ही वेळा मी नुसती सूचीच बघितली.

आषाढात त्यांच्या मुलीचा, दामिनीचा, फोन आला. आई गेली होती. त्या दिवशी मी टेबलं चाळली. चाळीस मिनिटं लागली. फक्त चाळीस. मोठ्या फायलींत वीरेश होता. नाव, गाव, जन्मतारीख सांगणारा, मध्येच हसणारा. मी डोकं धरून बसलो.

प्रत घेऊन शिरूरला गेलो. टळटळीत दुपार होती. दामिनीनं मोबाइल कानाला लावला, रडली, अन् एकदम थबकली.

"दादाच्या मागं आई बोलतीय..."

"त्या तिथं होत्या?"

"हैदराबाद तिनं कधी बघितलंच न्हाई."

मी ऐकलं. मला एकटा वीरेशच ऐकू आला. लॅपटॉप उघडून मूळ फाइल आणि तिची प्रत ताडून बघितली. तंतोतंत सारखी.

"पुसून टाका ते, ताई."

तिनं मोबाइल पुन्हा कानाशी धरला. बराच वेळ ऐकत राहिली. मग अगदी हळू म्हणाली,

"थांबा जरा... तुमच्या घराची वाट सांगतीय ती दादाला."