तिसऱ्या मजल्यावरचं लाल पाणी

"माझा पास गेला," थोरली काउंटरला धरून म्हणाली.

सकाळचे सव्वादहा वाजले होते. बस दोनला सुटणार होती आणि पासाशिवाय पोलीस कोणाला शहराबाहेर पाऊल टाकू देत नव्हते.

एरवी पर्यटकांनी गजबजणाऱ्या त्या शहरात टाळेबंदीमुळे कुत्रंसुद्धा फिरत नव्हतं. चौसष्ट खोल्यांचं हॉटेल कुलूपबंद. मालक बंगल्यात बसून फोनवरून काळजी घेत होते. आत अडकले होते चौघं. सुपरवायझर बाई, आचारी, लाँड्री बघणारी थोरली आणि खोल्या बघणारी तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे, सख्खे भाऊ, ट्रकसकट भलत्याच गावी अडकलेले.

थोरलीच्या मुलीचे दिवस भरत आले होते. जावई विलगीकरणात, घरात पोरगी एकटी. महिनाभर अर्ज करून करून हा एक पास मिळाला होता. पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणि त्यावर एक शिक्का.

चौकशी बाईंनी हातात घेतली. खरं सांगायचं तर पास आला तेव्हा बाईंच्याही पोटात दुखलं होतं. त्यांनी स्वतःच्या मुलाचं तोंड दोन महिने पाहिलं नव्हतं. पण पोटात दुखणं वेगळं आणि हात मारणं वेगळं.

थोरलीने नऊला पास लाँड्रीतल्या धुतलेल्या चादरींमध्ये ठेवला होता. मग ती गच्चीवर कपडे वाळत घालायला गेली. दहाला परतली तर पास नव्हता.

आचाऱ्याचा अर्ज नाकारला गेला होता आणि तो काल सगळ्यांसमोर तणतणला होता. सकाळभर तो किचनची चिमणी घासत होता. हात कोपरापर्यंत काळे. बाईंनी लाँड्रीतल्या चादरी एकेक उलगडून पाहिल्या. पांढऱ्याशुभ्र, कुठे बोटाचा डाग नाही.

"तू कुठे होतीस?" त्यांनी धाकटीला विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावर. आज तिथले नळ सोडायचा दिवस ना."

बंद खोल्यांच्या पाइपात पाणी साचून गंज धरतं. म्हणून दर तीन दिवसांनी एकेक मजल्याचे नळ सोडायचे, लाल पाणी जाऊन स्वच्छ येईपर्यंत, आणि दारामागच्या कागदावर वेळ टाकून खूण करायची, असा बाईंचाच नियम होता.

"माझ्यावर संशय असेल तर झडती घ्या की," धाकटी तावातावाने म्हणाली. तिची छाती वरखाली होत होती. उशीच्या अभ्र्यांतून तिनेच सगळ्यांसाठी शिवलेला दुपदरी मास्क मात्र जागचा हलला नाही.

बाईंनी तिची पिशवी, खिसे, गादी, सगळं तपासलं. काही निघालं नाही. मग त्या एकट्याच तिसऱ्या मजल्यावर गेल्या. दारामागच्या कागदावर साडेनऊची खूण होती. त्यांनी नळ सोडला आणि बराच वेळ बघत उभ्या राहिल्या.

खाली येऊन त्यांनी तिघांना लॉबीत बसवलं.

"वरचं पाणी लालभडक आहे," बाई म्हणाल्या. "आज तिथे नळाला कोणी हात लावलेला नाही. खूण खोटी आहे. मग साडेनऊला तू होतीस कुठे?"

धाकटीने मास्क नाकावर आणखी वर ओढला.

"बोलताना आमचे मास्क श्वासासरशी आतबाहेर होतात. तुझा पत्र्यासारखा ताठ का? झडतीत मी सगळं बघितलं, तोंड तेवढं राहिलं. या दिवसांत कोण कोणाला मास्क काढ म्हणतं? तू तेच धरून चाललीस. काढ तो."

धाकटीने मास्क काढला. दोन पदरांमधून पास निघाला. श्वासाने दमट झालेला, शिक्का जरा पसरलेला, पण वाचता येत होता.

"हिची शिफ्ट असायची," धाकटी म्हणाली. "पोरीला दहा वर्षं मी न्हाऊमाखू घातलं. तापात मी जागले. मीही अर्ज केला, पण त्यात काकूचा रकानाच नव्हता. पास देणारा साहेब म्हणाला, तुमचं नातं बसत नाही. आणि पास आल्यापासून ही मिरवतेय. दोन वाजल्यावर हिचा चेहरा बघायचा होता मला."

"आणि पोरगी?" बाईंनी विचारलं.

धाकटी खुर्चीवरून उतरून फरशीवर बसली.

आता थोरली हिला फाडून खाणार, असं आचाऱ्याला वाटलं. थोरलीने पास पदराने पुसला. बराच वेळ पुसत राहिली.

"फोनवर पोरगी आधी तुझंच विचारते," ती म्हणाली. "काकू कुठंय, काकूला दे म्हणते. मी रोज सांगते, कामात आहे. दोन महिने हेच सांगतेय."

धाकटीने मान वर केली.

थोरलीने नंबर लावला, स्वतःच्या कानाला न लावता फोन तिच्यापुढे धरला. "सांग तिला, मी निघालेय."

पलीकडून आवाज आला, "आई?"

"नाही गं," धाकटी म्हणाली. "काकू."

बाई उठल्या. तिसऱ्या मजल्यावरचे नळ सोडायचे राहिले होते. त्या दिवशी ते त्यांनीच सोडले.