बुर्नूसवरून ऐकलेली छाती

"बाबांना मन्नाने मारलं," झोहरा आत येताच म्हणाली. "दम्याचा झटका आला आणि त्या सटवीने औषधाचा फवारा लपवला. तिला तुरुंगात धाडा."

वाळवंटातल्या घर्दाया गावात खासगी तपास करणारी सालिहा ही एकटीच बाई, म्हणून जनानखान्याच्या भानगडी तिच्याकडेच येत. जोडीला हम्मूकाका, निवृत्त फौजदार. मनाने सोनं, डोक्याने दगड.

आधी डॉक्टर ऊमर भेटले. "दमाच होता. रात्री धाप, कोरडा खोकला, ताप नाही."

"हे सांगितलं कुणी? झोहराच्या बाबांची, बाकीरसाहेबांची वाचा तर अर्धांगाने गेलेली."

"झोहराने. त्यांची तरुण बायको मन्ना परक्या पुरुषासमोर येते होय?"

"छाती तपासलीत?"

"तपासली की! बुर्नूसवरून, त्या जाड लोकरी झग्यावरून. थंडीत म्हाताऱ्याची लोकर कोण उतरवणार? कपाळाला हात लावला, गार होतं."

"झालं तर," हम्मूकाका म्हणाले. "दमाच."

सावत्र आई मन्ना झोहराहून लहान होती. रडून तिचे डोळे सुजले होते.

"फवारा उशाशीच होता, बाई. मी तीन-तीनदा मारायचे, उपयोग शून्य. रुमालांवर विटकरी डाग पडायचे, धुऊन धुऊन हात सोलले. डॉक्टर यायच्या तासभर आधी झोहराताई पांढरी गोळी द्यायच्या, मग घामाने गादी भिजायची."

सालिहाने सगळ्यांना अंगणात बसवलं.

"काका, रोगी सांगतो ती तक्रार. डॉक्टर स्वतः पाहतो, ऐकतो ती खूण. इथे तक्रारी सगळ्या झोहराच्या तोंडून आल्या आणि खुणा कुणी पाहिल्याच नाहीत. खोकला कोरडा, मग विटकरी थुंकी कुठली? ताप नाही, मग गोळीनंतर घाम कसला? तापच उतरत होता तो. हा न्यूमोनिया, डॉक्टरसाहेब. लोकर उतरवली असतीत तर छातीतली करकर ऐकू आली असती. औषधाने माणूस वाचलाही असता."

मग ती झोहराकडे वळली.

"झोहरा, ताप तुला ठाऊक होता. नाहीतर गोळी कशाला?"

झोहराने नाकारलं नाही. "आई तापाने फणफणली होती, तेव्हा बाबांनी डॉक्टरला उंबऱ्यातूनच परत पाठवलं. म्हणे, सोंग करतेय. ती तीन दिवसांत गेली. यांना मी नऊ दिवस झिजवलं."

"आणि या पोरीला का गोवलंस?" हम्मूकाका ओरडले.

"आईच्या बिछान्यात झोपते ना ती."

मन्ना भिंतीला टेकली. "नऊही दिवस मी दाराआड उभी होते," ती म्हणाली. "डॉक्टर चार पावलांवर होते. बाईचा आवाज परक्याच्या कानी पडू नये, म्हणून मी गप्प राहिले."