वाघजाईचा हंगामपूर्व अंदाज

"गोलकीपर? त्याला गोलकीपर म्हणायचं असलं तर आमच्या दाराच्या पडद्यालाबी म्हणा," रोहिणीकाकी म्हणाल्या. "पडदा निदान वारं आलं की हलतो तरी."

बोधमापी प्रयोगशाळेच्या त्या पांढऱ्याफेक खोलीत कुणी हसलं नाही. काकींच्या मनगटावर नाडीपट्टी बांधली होती, गळ्याशी आवाज टिपणारी चकती चिकटवली होती आणि समोरच्या काचेवर एक हिरवी रेघ संथपणे सरकत होती. रोहिणी सरनोबत, वय सहासष्ट, निवृत्त क्रीडाशिक्षिका. कोल्हापूरच्या वाघजाई फुटबॉल क्लबच्या पूर्व स्टँडमध्ये बेचाळीस वर्षं एकच जागा धरून बसलेल्या. त्यांना प्रश्न एवढाच विचारला होता, की यंदाच्या हंगामात वाघजाईचं काय होईल?

"पुढे बोला," डॉ. मृण्मयी केतकर म्हणाल्या. त्या पुण्याहून आल्या होत्या आणि फुटबॉलचा सामना नव्वद मिनिटं चालतो हे त्यांनी वाचलेलं होतं.

"पुढं काय बोलायचं? बॅकला तो चौदा नंबर. शाळेत माझ्याच हाताखाली होता. तवाबी बॉल आला की पाठ फिरवायचा, आताबी फिरवतोय. फॉरवर्ड म्हणून गोव्याचा एक आणलाय. सराव सुरू होऊन पाच आठवडे झाले, गोलपोस्ट कुठल्या बाजूला हाय ते त्याला अजून कुणी दाखवलं नाही वाटतं. आणि कोच! दर दोन मिनिटाला पाटीवर बाण काढतंय. बाण काढून काय लग्नाची वरात न्यायचीय? बाराव्या नंबरला येणार बघा. लीगमध्ये तेरा संघ असते, तर तेराव्या."

एवढं बोलून काकींनी काचेकडं पाहिलं. रेघ होती तिथंच होती. चढली नाही, उतरली नाही.

"हे काय? एवढा घसा कोरडा केला, आणि तुमच्या यंत्राला ऐकूच गेलं नाही?"

"ऐकलं की, काकी," फैजान मुजावर म्हणाला. तो सांख्यिकीतज्ज्ञ, पण याच गावचा. लहानपणी त्यानं काकींच्या हातचे दोन धपाटेही खाल्ले होते. "ऐकलं, आणि वजा केलं."

डॉ. केतकरांनी खुर्ची पुढं ओढली. "खेळाडूंच्या अंगावर देहचकत्या असतात. दम, वेग, स्नायूंचा थकवा, सगळं मोजलं जातं. त्यावरून आम्ही येणारा हंगाम संगणकात दहा हजार वेळा खेळवून पाहतो. त्याला प्रतिहंगाम म्हणतात. पण काही गोष्टी चकतीला कळत नाहीत. कोणी कोणाशी अबोला धरला आहे, कोणाचं मन खेळावरून उडालं आहे. रोज सरावाला येऊन बसणाऱ्या माणसाला ते दिसतं. त्याला सांगता येत नाही, पण त्याच्या आवाजात ते उतरतं. म्हणून प्रेक्षकही मोजायचे."

"म्हणजे माझ्या बोलण्याला किंमत हाय."

"बोलण्याला नाही, काकी. बोलण्यातल्या बदलाला," फैजान म्हणाला. "बढाई मारणारा माणूस 'आम्हीच जिंकणार' म्हणाला तर त्यात नवीन काय? तसंच तुमच्या शिव्यांचं. स्टँडमधलं बावीस वर्षांचं ध्वनिमुद्रण आहे आमच्याकडं. कोण एरवी किती आणि कसं बोलतं, ते यंत्राला पाठ आहे. तेवढं काढून टाकायचं. याला आम्ही सवय-वजावट म्हणतो. उरेल तेवढाच बदल. मग असा बदल मागं कधी झाला होता, आणि तेव्हा संघाचं काय झालं होतं, ते बघून यंत्र आकडा वर नेतं नाहीतर खाली आणतं."

"मग माझं काय उरलं?"

"शून्य."

काकींनी नाडीपट्टी स्वतःच सोडली. बेचाळीस वर्षं उन्हात बसून बोंबललो, आणि या पुणेरी डब्यानं शून्य हातावर ठेवलं! असल्या यंत्राला आमच्या गल्लीतलं शेंबडं पोरगंसुद्धा विचारणार नाही, असं त्या दारातून बाहेर पडेपर्यंत ऐकू जाईल इतपत पुटपुटल्या. मागून डॉ. केतकर सांगत राहिल्या, की आजची फक्त तालीम होती. खरी मोजणी शनिवारी, पूर्व स्टँडमधल्या चाळीस जणांची, आणि दुपारी बाराच्या ठोक्याला आकडा मोहोरबंद होऊन लीगकडे जाईल.

बाहेर पायऱ्यांवर क्लबचा सेक्रेटरी शौर्य चौगुले उभा होता. एरवी हा गडी चालता-बोलता फ्लेक्स. आज तोंड उतरलेलं होतं.

"काकी, काय बोललासा आत?"

"खरं बोलले. तुझी टीम म्हणजे नुसती खोगीरभरती हाय म्हणाले."

"वाटलंच." तो मटकन पायरीवर बसला. "यंदा नवा नियम काढलाय लीगनं. टिकायची शक्यता पस्तीस टक्क्यांच्या खाली आली, की त्या क्लबला हंगामात जागाच नाही. हरणाऱ्या टीमच्या मॅची कोण बघणार म्हणे! जागा दुसऱ्या शहराला. तिकडं रांग लागलीय. आणि आपला देहचकत्यांचा आकडा आलाय एकतीस."

 काकींना भीती वाटली, सरळ सरळ भीती. मैदान राहील, पण वाघजाई नसेल. काळे-पिवळे शर्ट कुणाच्या तरी माळ्यावर पडतील. नवरा गेला त्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्या पूर्व स्टँडमध्ये येऊन बसल्या होत्या. शेजारच्यांनी सांत्वनाचा एक शब्द काढला नव्हता. जरा सरकून जागा दिली होती आणि रेफरीनं चुकीचा ऑफसाइड दिल्यावर सगळ्यांनी मिळून त्याचा उद्धार केला होता. त्या दिवशी काकींना पहिल्यांदा जेवण गेलं होतं. हे सगळं एका आकड्यावर जाणार?

"चार टक्के कमी पडतात," शौर्य म्हणाला. "आता तुम्ही चाळीस जणच काय ते."

काकींनी डोकं चालवलं. मुजावराचं पोरगं काय म्हणालं? शिवीचं वजन शून्य. बदलाला किंमत. मग ज्या बाईच्या तोंडून बेचाळीस वर्षांत संघासाठी एक गोड शब्द निघाल्याचं आठवत नाही, ती गोड बोलली तर? त्याच्याएवढा मोठा बदल कुठला?

"शौर्या, उठ. सगळ्यांना गोळा कर. शनिवारी कुणी शिवी द्यायची नाही. सगळ्यांनी गोड बोलायचं."

"जमंल आपल्या लोकांना?"

"न जमायला काय झालं? क्लबचा प्रश्न हाय."

जमवायला दोन दिवस लागले. सरावाच्या मैदानाच्या कठड्यावर चाळीस जण बसायचे आणि एकमेकांपुढं कौतुकाची उजळणी करायचे. अकबर जमादार, तीस वर्षं रिक्षा चालवलेला माणूस, "कोच हुशार आहेत" एवढं म्हणायला गेला आणि त्याला असा ठसका लागला, की पाठ चोळावी लागली. समोर सराव चाललाच होता. गोव्याच्या फॉरवर्डनं मोकळ्या पोस्टवरून बॉल रस्त्यावर मारला. चाळीस तोंडं उघडली आणि काकींनी हात वर केल्याबरोबर मिटली. मैदानातली पोरं चमकून स्टँडकडं बघायला लागली. अशी शांतता त्यांनी कधी ऐकलीच नव्हती.

शनिवारी काकी इस्त्रीची साडी नेसून गेल्या. या वेळी काच त्यांच्याकडं पाठ करून ठेवली होती, मोजणी खरी होती ना!

"गोलकीपरचे हात चांगले आहेत," काकी म्हणाल्या. "पोरगं कष्टाळू आहे. चौदा नंबर... समजूतदार आहे. फॉरवर्डच्या पायात जोर आहे. कोचसाहेब पोटतिडकीनं शिकवतात. पोरं जीव लावून खेळतील. देव यश देईल."

प्रत्येक वाक्य तोंडाशी येऊन परत आत पळत होतं, पण त्यांनी ते बाहेर काढलं. डॉ. केतकरांच्या भुवया वर गेल्या. रेघ हलत असावी, चांगलीच हलत असावी. काकी मनातून खूश झाल्या. बाकीचे एकोणचाळीसही एकेक करून आत गेले आणि साखर वाटून आले. अकबरनं तर कोचला दीर्घायुष्य चिंतलं म्हणे. बाराला घंटा वाजली. आकडा मोहोरबंद होऊन गेला.

फैजान बाहेर आला तेव्हा सगळे खोलीबाहेरच्या बोळात पेढ्याच्या पुड्याभोवती उभे होते. त्याचा चेहरा बघून शौर्यनं पुडा मागं घेतला.

"किती?" काकींनी विचारलं.

"सहा."

"साठ?"

"सहा, काकी. एकतीसवरून सहा."

"अरे, पण गोड बोललो की आम्ही!"

"म्हणूनच." त्यानं भिंतीला पाठ टेकली. "यंत्रानं बावीस वर्षं चाळली. पूर्व स्टँड गोड कधी बोललं? तीनच वेळा. आपल्या हुकमी गड्याचा, शिंद्यांच्या सूरजचा गुडघा मोडला ते वर्ष. अर्धी टीम काविळीनं पडली ते. आणि मालक पळून गेला, पोरांना बूटबी नव्हते, ते. तिन्ही वर्षी शेवटचा नंबर. आपल्याकडं चालत्या माणसाला शिव्या घालतात, काकी. पडलेल्याला घालत नाहीत. ज्याचं आता काही खरं नाही, त्यालाच आपण 'पोरगं चांगलं होतं' म्हणतो. मी इथलाच. मला हे आधीच कळायला पाहिजे होतं."

"मग सांगा की त्या लीगला! यंत्र चुकलं म्हणावं!"

डॉ. केतकर दारात येऊन थांबल्या होत्या. त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "यंत्र चुकलेलं नाही, बाई. क्लब बुडतो आहे हे तुम्हाला समजलं, म्हणून तुम्ही गोड बोललात. त्यानं नेमकं तेच ओळखलं."

 मग काकींच्या गळ्यातून पहिला आवाज निघाला, आणि तो लीगच्या नावानं नव्हता, यंत्राच्याही नव्हता.

"त्या गोलकीपरच्या तर! हात म्हणे चांगले! हात हायत का पोळपाट? कालच्या सरावात पायातून गेलेला बॉल, पायातून! मी म्हणते या टोणग्याला आधी शेतात उभा करा, एक कावळा अडवून दाखव म्हणावं! आणि चौदा नंबर, भाड्या, तुला मी उन्हातान्हात हेडिंग शिकवलं ते पाठ दाखवायला? अरे, कुवत हाय रे तुझ्यात! कुवत हाय म्हणून तळतळून सांगते ना, रताळ्या!"

चाळीसही जणांच्या गळ्याच्या चकत्या काढायच्या राहून गेल्या होत्या. आत, कुणी बंद न केलेल्या काचेवर, रेघ एकदम उसळली. फैजान धावत आत गेला.

अकबरनं तोंड उघडलं. मग सगळ्यांनीच उघडलं. चाळीस जणांचा दोन दिवस कोंडलेला आवाज त्या अरुंद जागेत फुटला; मालक, मॅनेजर, बूट, बेंचवरची पोरं, एकेकाचा नंबर लागत गेला. इतक्या शिव्या स्टँडनं याआधी एकाच वर्षी दिल्या होत्या, वाघजाईनं लीग जिंकून ढाल आणली त्या वर्षी. तेव्हा पोरं जिंकू शकतात हे दिसत होतं, म्हणून चुकलेला एकेक पासही सोसवत नव्हता.

"एकवीस," फैजान आतून ओरडला. "चौतीस... एकेचाळीस... बावन्न!"

आवाज थांबला. काकी दारात गेल्या. काचेवर बावन्न होतं, आणि त्याच्या वर घड्याळ. बारा वाजून सतरा मिनिटं.

"पाठव की मग," काकी म्हणाल्या.

"जात नाही, काकी. बारालाच मोहोर बसली. आता ते आमच्याबी हातात नाही." फैजाननं मान खाली घातली. "बावन्न फक्त आपल्याला माहीत."

मागं शौर्य भिंतीकडं तोंड करून उभा होता आणि त्याचे खांदे हलत होते. कुणीतरी पाठीवर हात ठेवून म्हणालं, "जाऊ दे भावा, चांगली होती पोरं."

काकी गर्रकन वळल्या.

"कोण बोललं ते? होती काय? होती काय, खुळ्या?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या. "रडायला काय झालं रे सगळ्यांना? अजून कोच शिव्या खायचा राहिलाय."