निरंजनचा डावा डोळा

"दिसत नाही का हो?"

माझं त्याच्याशी पहिलं बोलणं हे. आता आठवलं की वाटतं, जीभ झडली का नाही माझी!

शंकर नगरच्या आमच्या डोळ्यांच्या केंद्रातली ती अंधारी खोली. तो बाहेरच्या उन्हातून आत आला आणि सरळ माझ्या स्टुलावर आदळला. ट्रेमधल्या थेंबांच्या बाटल्या फरशीभर झाल्या.

"दिसून राहिलं न," खाली बसून बाटल्या गोळा करत तो म्हणाला, "पण स्टुलाकडे काहून पाहू? पाहायसारखं दुसरं होतं इथं..."

आगाऊ मेला! मी तोंड फिरवलं, पण हसू काही आवरेना.

तो निरंजन. रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर, घर मूळचं वर्ध्याकडचं, वडिलांना काचबिंदू. आमचं राज्य नुकतंच वेगळं झालं होतं, आमचं शहर नवी राजधानी झालं होतं, आणि आमच्याकडे संशोधनही नवंच सुरू झालं होतं. काचबिंदू घराण्यात कसा उतरतो, नजर जायच्या आधीच तो ओळखता येतो का, हे बघायचं. म्हणून रुग्णांच्या मुलांचीही तपासणी व्हायची. मी मशीनवर बसायचे. समोरच्यानं हनुवटी टेकवून पांढऱ्या वाटीत बघायचं, बारीक दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. इतकंच.

"सगळे दिसले तं काय देता?"

"इथं बक्षीस नसतं. समोर बघा."

"समोरच तं पाहून राहिलो."

"माझ्याकडे नाही... वाटीत!"

निरंजन मंडळाच्या गणपतीत तबला वाजवायचा. कान तयार. दिवा हलताना मशीन हळूच किर्र करतं; आणि मधूनच नुसतं किर्र करतं, दिवा लावतच नाही. माणूस बघून दाबतोय की उगाच, ते पकडायला. निरंजननं दिवा सोडला आणि लय धरली. किर्र—टक. किर्र—टक. एक मात्रा चुकला नाही. मी गालातल्या गालात हसत होते.

कागद बाहेर आला. कुठे काळा डाग नाही, म्हणजे एकही दिवा चुकला नाही. पण खाली आकडा होता: शंभरातले तीस टक दिवा नसताना दाबलेले. आमचा नियम सरळ होता. असा कागद रद्द, तपासणी पुन्हा. डॉक्टरसाहेब सकाळीच म्हणाले होते, "डाव्या डोळ्याची नस जरा संशयाची वाटते. मशीनचा कागद बघून ठरवू."

"किती मार्क भेटले?" त्याचा चेहरा असा खुललेला! "पाच वाजले... बुढातालाबच्या काठावर भुट्टे भाजून राहिले असतील. येता काय?"

काय सांगू, मतीच फिरली माझी. पुन्हा बसवायचं म्हणजे अर्धा तास, वर 'तुम्ही चुकलात' म्हणून सांगायचं. एवढा धडधाकट पोट्टा, याला काय होतंय! मी 'कागद भरवशाचा' असं लिहिलं आणि सही केली.

भुट्टा गोड होता. लिंबू-मीठ त्यानंच चोळून दिलं.

पुढची दोन वर्षं नुसती हसण्यात गेली. ड्यूटीवरून आला की बुढापाऱ्यातल्या आमच्या गल्लीत तो स्कूटरचा हॉर्न तालात वाजवायचा. आई म्हणायची, "आम्ही भोसल्यांच्या काळापासून इथले, आणि जावई परवा आलेला वर्धेकर!" पण माघातली तारीख तिनंच काढून ठेवली.

मधे त्याची स्कूटर तीनदा घासली. तिन्ही वेळा डावीकडून. मी डावीकडून चहा पुढे करायचे आणि तो घ्यायचा नाही. "कधीची धरून उभी आहे!" म्हणत मी रुसायचे. दिवसभर लोकांचे डोळे तपासणारी मी... आणि रुसायचे!

दोन वर्षांनी दुसऱ्या तपासणीला तो आला. मी त्याची हनुवटी नीट टेकवली, कानाशी वाकून म्हणाले, "या वेळी आवाजावर नको हं. दिसला तरच दाब."

तो हसला. मग हसता हसता थांबला.

"म्हणजे... तुले माहीत होतं?"

मी दिवे सुरू केले. किर्र. किर्र. किर्र. टक नाहीच.

डाव्या डोळ्याचा कागद जवळजवळ सगळा काळा निघाला. उजव्यालाही कड धरली होती. डॉक्टरसाहेबांनी जुना कागद काढला, खालची सही बघितली आणि चष्मा काढून ठेवला. "तेव्हाच थेंब सुरू केले असते, तर..." पुढचं मला पाठ होतं. काचबिंदूत गेलेलं परत येत नाही. रोज दहा जणांना मीच सांगते ते.

बाहेरच्या बाकावर मी त्याला सगळं सांगितलं.

"तुले खूश कराले दाबत होतो मी," तो म्हणाला. "मी येडाच. पण तुले तं समजत होतं न, गंधाली?"

"हो."

"मग काहून?"

"भुट्टा खायचा होता..." मी म्हणाले. "तुझ्यासोबत."

तो उठून गेला.

त्याला इंजिनवरून उतरवलं, टेबलावर बसवलं. माघ तसाच गेला. मी स्वतःच डॉक्टरसाहेबांना त्या सहीचं खरं काय ते लिहून दिलं. आता मी बाहेर नावं लिहिते आणि मशीनवर कलावती दीदी बसतात. दर चार महिन्यांनी तो येतो, दुसऱ्याच खिडकीवर नाव सांगतो. मी दाराबाहेर भिंतीला टेकून ऐकते. किर्र—टक. किर्र... किर्र... किर्र... टक. आता तो खरं दाबतो. दर वेळी एखादा टक कमी होतो.

परवा तो बाहेर आला, तेव्हा मी त्याच्या डाव्या हाताला उभी होते. तो पुढे गेला आणि थबकला. मान वळवली नाही.

"गंधाली... तू आहेस न?"

"हो."

"डावीकडे?"

"हो."

"तिथंच राह्य," तो हळूच म्हणाला. "उजवीकडे येऊ नको. दिसली तं माफ करून टाकीन मी... अन् मले करायचं नाही."

एकच पाऊल होतं. मी नाही टाकलं.

कठड्याला हात लावून, एकेक पायरी चाचपत तो जिना उतरून गेला.