माणिकबाईची लेस

अकोल्यात जठारपेठेच्या मागच्या गल्लीत संध्याचं शिवणाचं दुकान आहे. लग्नसराईत तिच्याकडे ब्लाऊजचे ढीग पडतात. मे महिन्यातल्या त्या दुपारी बार्शीटाकळीची माधवी आली, तेव्हा कूलर घरघरत होता आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

माधवीने पिशवीतून गाठोडं काढलं. आत क्रोशावर विणलेली पांढरी लेस होती. इतकी नाजूक, की संध्याने बोटं पदराला पुसून मगच हात लावला.

"आमच्या आत्याबाईची. माणिकबाईची. मामाजीच्या, माह्या सासऱ्याच्या, बहीन त्या, औंदा संक्रांतीले वारल्या," माधवी म्हणाली. "सवताच्या लग्नाच्या पांढऱ्या साडीसाठी इनली होती म्हनतात. लग्न काई झालं नाई. जलमभर भावाच्या घरी राबल्या. आता आमच्या पोरीले, खुशीले, लग्नात हेच पायजे, बाह्यायले अन् साडीच्या काठाले."

"मामाजीले चालते?"

"त्यायले सांगतलंच नाई. ते आत्याबाईचं नाव काढू देत नाईत."

माधवी गेली. संध्या कामाला बसली. जुन्या कपड्याला डांबरगोळीचा वास यावा. या लेसला घामाचा येत होता. ताज्या, उन्हातून नुकत्याच आलेल्या माणसाच्या घामाचा. तिने कात्री चालवली, आणि कोणीतरी दात आवळून श्वास आत ओढावा असा आवाज झाला. मागे वळून पाहिलं. दुकानात कोणी नव्हतं.

लेस बाहीला लावताना वीज गेली. कूलरचं पातं मंदावत मंदावत थांबलं. विजेवरचं मशीन मात्र थांबलं नाही. संध्याने पाय उचलला. सुई खाली-वर होतच राहिली, सरावल्या हाताने चालवावी तशी, आणि लेस आपली आपण पुढे सरकत राहिली. मग कानापाशी, अगदी हळू…

"दादा येनार हाये ना… लग्नाले?"

नाही म्हणायची संध्याची छाती झाली नाही.

"हो… येनार हायेत," तिच्या तोंडून निघून गेलं.

मशीन थांबलं. शिवण सरळ होती, तिच्या हातालाही आली नसती इतकी सरळ.

खुशी ब्लाऊज न्यायला आली तेव्हा संध्याने परोपरीने सांगून पाहिलं. "बाई, थे लेस काढून देते. नवी लावून देते, चांगली."

"काहून? इतकी मस्त तर बसली," म्हणत खुशी आरशासमोर गिरकी घेऊन हसली. लग्नघरच्या पोरीला काय सांगणार?

लग्नाच्या दिवशी साडी नेसवायला माधवीने संध्यालाच बोलावलं. आपण दिलेला तो 'हो' तिला घरी बसू देईना; ती गेली. भर दुपारी मंडपात त्रिसरण-पंचशील झालं, हार घातले, फुलं उधळली. पांढऱ्या साडीतली खुशी आजोबांच्या, उत्तमरावांच्या, पाया पडायला वाकली. म्हाताऱ्याने आशीर्वादाला हात उचलला आणि तो तसाच राहिला. बाहीवरची लेस त्याला दिसली होती.

"हे… हे कोनं काढलं?"

खुशीने मान वर केली. चेहरा तिचाच, पण आवाज जाड, थकलेल्या बाईचा होता.

"दादा, सांग ना. मले फिटा येतात का?"

मंडपातले लोक वळून पाहू लागले.

"तवा पावन्यायले सांगतलं होतं नं? आता सांग. सगळे बसले हायेत. खोटं बोल्ला होता, सांग!"

उत्तमरावांनी तोंड उघडलं. डोळे पांढरे झाले, दातखीळ बसली आणि म्हातारा खुर्चीवरून कोसळून मासोळीसारखा तडफडू लागला. तोंडाला फेस आला. लोक धावले. खुशी घाबरून "आबा, आबा!" ओरडत होती, पुन्हा तिच्याच आवाजात. मधलं तिला काहीच आठवत नव्हतं.

संध्याच्या शेजारी उत्तमरावांची बायको, इंदूबाई, बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत.

"याच्या मायनं वावर मानिकच्या नावानं केलं होतं," त्या पुटपुटल्या. "थे सासरी जाईन तं वावरही जाईन. म्हनून यानं लग्नाच्या आदल्या रोजी पोरीले फिटा येतात अशी आवई उठवली. पुढं गावोगाव थेच पसरलं. मले ठावं होतं… मी बोल्ली नाई." एवढं म्हणून त्यांनी पदर तोंडाला लावला.

उत्तमराव वाचले. अकोल्याच्या एका दवाखान्यात आहेत, बोलता येत नाही. संध्या भेटायला गेली तेव्हा माधवीने तिला व्हरांड्यात ओढलं.

"संध्याताई, तुमी शिवनकाम करता, तुमीच सांगा," ती दबक्या आवाजात म्हणाली. "मामाजीचं तोंड पुसाले गेलं का जिभेखालून पांढरा धागा निघते. गाठी मारलेला… ओला. काल डॉक्टरनं चिमट्यात धरून ओढून पायला."

"मंग?"

माधवीने खोलीच्या दाराकडे पाहिलं.

"आतून कोनीतरी ओढून राहिलं होतं, ताई."