तीन फुटांच्या बाल्कनीतलं कोहळं

आधी वेलानं त्याचा शर्ट धरला. दामिनीचा त्यात काही हात नव्हता, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं.

शर्ट शेजारच्या बाल्कनीत वाळत होता—आकाशी, अर्ध्या बाह्यांचा. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, मरोदा सेक्टरच्या त्या ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या दोन बाल्कन्यांमध्ये हातभर अंतर, आणि पावसाळ्यातल्या कोहळ्याच्या, म्हणजे लाल भोपळ्याच्या, वेलाला हातभर म्हणजे रात्रभराचं काम. सकाळी दामिनी पाणी घालायला आली तर वेलाचा कुरळा तणावा शर्टाच्या बटणाला तीन वेढे घालून बसलेला. ती कठड्यावरून वाकून तो हळूच सोडवत होती, इतक्यात तोंडात ब्रश घेऊन शर्टाचा मालक बाहेर आला.

“मॅडम, शर्ट चाहिए तो मांग लो ना... चोरी क्यों?”

“शर्ट नहीं चाहिए. वो हमारा वेल... मतलब, बेल—”

तेवढ्यात आतून आईची हाक आली, “दामिनी, कोनाशी बोलून राहिली वं?” आणि त्या पोराचा चेहरा एकदम खुलला.

“अरे, तुमी तं आपलेच! आमी बी भंडाऱ्याकडले.” मग वेलाकडे बघून म्हणाला, “राहू द्या मंग. एका शर्टानं काय होते?”

दामिनी आत पळाली. पण जाताना तणावा मात्र तिनं सोडवला नाही.

त्याचं नाव राजदीप. महिन्याभरापूर्वीच आई गिरजाबाईंसोबत तो शेजारी राहायला आला होता. रेल मिलमध्ये ठेकेदाराकडे काम करायचा आणि रेल्वेच्या कॉल लेटरची वाट बघायचा. त्यांच्या दारातून बुद्धाची पांढरी मूर्ती दिसायची, आणि दामिनीच्या दारातून केवलरामचा हार घातलेला फोटो.

केवलराम म्हणजे दामिनीचे बाबा. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या कोक ओव्हनमध्ये, कोळशाच्या भट्टीपाशी, भाजून निघालेला माणूस; मागायचा काय, तर तळमजल्याचं क्वार्टर, कारण तळमजल्याला मागे भाजीपाल्याची बाडी असते. ते काही मिळालं नाही. दीड वर्षापूर्वी ड्युटीवरून आला, चहा मागितला, आणि चहा येईपर्यंत गेला. मागे चुन्याच्या डबीत गावच्या कोहळ्याच्या सात बिया राहिल्या. दामिनीनं त्या साती बिया पेंटच्या रिकाम्या डब्यात लावल्या. उगवली एक.

बाल्कनी तीन फूट रुंद. बाबा म्हणायचे, खाली जागा नसली का वेलानं वर जावं. म्हणून तिनं छताच्या कडीपासून दोन सुतळ्या सोडल्या, जुन्या साडीच्या चिंध्यांनी वेल बांधत वर नेला, बाजूचे फुटवे खुडले. आई मनकर्णाची एकच इच्छा होती: यंदाच्या पितृपक्षात बाबांच्या पानात याच वेलाच्या कोहळ्याची भाजी पडावी. बाबा गेल्यामुळे दसऱ्यापर्यंत कंपनीचं क्वार्टर रिकामं करायचं होतं. मग दोघी मायलेकी कुम्हारीला, हेमराजकाकांच्या घरी. तिथे त्यांना एक खोली मिळणार होती, बाल्कनी नव्हती.

पण कोहळं धरेना. मादी फुलं यायची, बुडाशी बोराएवढं फळ घेऊन यायची, आणि चार दिवसांनी पिवळी पडून गळायची. पाचवं गळलं त्या दिवशी दामिनी कठड्याला टेकून रडत होती. आपल्या हातात काही टिकतच नाही, असं तिला वाटत होतं.

“रडून राहिली का?” पलीकडून राजदीप.

“नाही.”

“मंग ठीक हाय.” त्यानं वेलाकडे मान वळवली. “तिसऱ्या माळ्यावर मधमाशी चढत नाही. तिची ड्युटी आपल्यालेच करा लागते. उद्या साडेपाचले उठशीन?”

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दोघं आपापल्या बाल्कनीत, मध्ये हातभर हवा आणि एक उमललेलं पिवळं फूल. त्यानं लांब देठाचं नर फूल खुडलं, पाकळ्या सोलल्या, आणि उरलेली परागाची कांडी तिच्या हातात दिली. आजीनं शिकवलं होतं म्हणे. मादी फूल त्याच्या बाजूला झुकलेलं; तिचा हात पुरेना. शेवटी त्यानं तिचं मनगट धरून हात पुढे नेला.

“हळू... हळू लाव. घासू नोको.”

तिनं लावलं. मग नाकाला खाज आली म्हणून तोच हात नाकाला लावला, आणि नाक पिवळं झालं.

“आता तुले माशी शोधत येईन,” तो म्हणाला.

“तुमी तं म्हनता, तिसऱ्या माळ्यावर माशी येत नाही.”

“एखादी वेडी राहते न...”

दामिनीनं मनगट सोडवून घेतलं. फार घाई मात्र केली नाही.

ते फळ धरलं. राजदीपच्या बाजूला धरलं. पंधरा दिवसांत ते नारळाएवढं झालं आणि वेलाला पेलवेना, तेव्हा त्यानं तोच आकाशी शर्ट झोळीसारखा कठड्याला बांधून कोहळ्याला आत बसवलं. मनकर्णानं शर्टाकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि तांदूळ निवडायला बसली.

श्रावण असाच साडेपाचांत गेला. दामिनीचा त्याच्यावर जीव जडला होता. उगाच आडपडदा कशाला? त्याच्या दाराची कडी वाजली की तिच्या छातीत धडधडायचं, आणि दसरा आठवला की तीच छाती रिकामी व्हायची.

पितृपक्ष लागला आणि राजदीपचं लेटर आलं. पोस्टिंग चक्रधरपूर, आठ दिवसांत हजर व्हायचं. कोहळ्यावरून हात फिरवत त्यानं विचारलं,

“दामिनी, आईले तुमच्या घरी पाठवू?”

वेलाची पानं हलत होती. तिला हो म्हणायचं होतं. पण काका काय म्हणतील, जात निघेल, आई एकटी कुठं जाईल?

“परवा बाबांचं पित्तर हाय. ते होऊ द्या. मंग सांगते.”

“सांगशीन न?”

“सांगते.”

आता इथे एक रीत सांगायला हवी. दामिनीच्या घरी अख्ख्या कोहळ्याला बाई पहिला घाव घालत नाही. कोहळं म्हणजे थोरला मुलगा मानतात. पहिला घाव घरच्या पुरुषाचा, मग बाईनं खुशाल चिरावं. राजदीप या रीतीला हसायचा. त्याची आई एका घावात दोन करायची.

पित्तराच्या दिवशी अकरा वाजले, बारा वाजायला आले, तरी हेमराजकाकांचा पत्ता नाही. कुम्हारीच्या पुढे ट्रक उलटून रस्ता जाम झालेला. खीर झाली, वडे झाले, कढी झाली. कोहळं तेवढं अख्खं. राजदीपनंच ते झोळीतून उतरवून आणून दिलं होतं आणि तो उंबऱ्याबाहेर उभा होता.

“काकू, मी घालू का घाव?” त्यानं विचारलं.

मनकर्णानं फोटोकडे पाहिलं. मग विळी पुढे सरकवली, पण सोडली नाही.

“घरच्याच मानसानं घाला लागते, बापा.” ती लेकीकडे वळली. आवाज अगदी मऊ होता. “दामिनी, तूच सांग. याले घरचा म्हनू का?”

खालून जिन्यावर चपला वाजल्या. काकांचा खोकला दामिनीनं ओळखला. एक मजला... दुसरा... राजदीप तिच्याकडे बघत होता. श्रावणात बघायचा तसाच.

“काका आलेच,” दामिनी म्हणाली. “शेजारच्याइले कायले तरास?”

राजदीपनं मान हलवली, आणि काकांना वाट देऊन आपल्या दारात गेला. काकांनी घामेजल्या हातानं घाव घातला, कोहळं केशरी निघालं, भाजी सुरेख झाली. आतला गर आणि बिया काकांनी रीतीप्रमाणे खालच्या गाईला टाकल्या. बिया ठेवायच्या होत्या, हे दामिनीच्या लक्षात येईपर्यंत गाईनं पाटी चाटून पुसली होती.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला ती उभी राहिली. तिसऱ्या दिवशीही. पलीकडचं दार बंदच. चौथ्या दिवशी गिरजाबाईंकडून कळलं, पोरगा मुदतीआधीच निघून गेला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी काका खाली टेम्पोत सामान लावत होते. वर फक्त विळी, पाण्याची कळशी आणि बाबांचा फोटो उरला होता. गिरजाबाई आकाशी शर्टात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आल्या.

“मागच्या फांदीले हे एक होतं, बाई. राजदीप बांधून गेलता. म्हने, त्याइचं त्याइले देजो.”

छोटं कोहळं, हिरवट. त्या गेल्यावर मनकर्णा ते मांडीवर घेऊन बसली.

“मी तुले विचारलं होतं वं,” ती म्हणाली. “तू हो म्हनली असती, तं मी त्याच्या हातात विळी देत होती. हेमराजले मी पाहून घेतलं असतं.”

दामिनीला वाटलं, आपण तिथेच संपून जावं. इतके दिवस ती काकांना भीत होती, आणि आई तिच्या एका शब्दाची वाट बघत होती.

तिनं आईच्या मांडीवरून कोहळं उचललं. विळी मांडली. आई ‘अगं’ म्हणेपर्यंत तिनं दोन्ही हातांनी ते पात्यावर दाबलं—पहिला घाव, स्वतःचा. बाबांच्या वेलाच्या बिया हव्या होत्या तिला, एवढ्या तरी. कोहळं उघडलं. आत पांढरं, पाणचट. बिया नुसती टरफलं, बोटानं दाबली की चपटी होणारी.

मग तिनं राजदीपला फोन लावला. पलीकडे मालगाडी जात होती. दामिनीनं ती सरू दिली.

“तुमी घरचेच होते,” दामिनी म्हणाली. “मी म्हनलं नाही. मले म्हनाचं होतं... माहा जीव हाय तुमच्यावर.”

“त्या दिवशी म्हनाचं असतं, दामिनी. मी तं दारातच होतो.”

खालून काकांनी टेम्पोचा हॉर्न वाजवला.

“कोहळं पोचलं का?” त्यानं विचारलं.

“पोचलं. मीच कापलं. कोवळं निघालं.”

“अजून पंधरा दिवस ठेवाचं होतं.”

“ठेवाले जागाच नव्हती,” ती म्हणाली, आणि आकाशी शर्ट पदराखाली घेऊन जिना उतरू लागली.